तळटीप १४ : डक्टमध्ये सोडलेली वाफ

१४. हवेत मुद्दाम वाफ सोडणे मुंबईच्या वाचकाला उफराटे वाटेल. आपला एसी ओलावा काढून टाकतो. पण कॅनडाच्या हिवाळ्यात उणे १० अंशांची हवा आत घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्याही खाली येते. हवेतले बाष्प तेवढेच राहते, पण तापलेल्या हवेला ते फारच अपुरे पडते. मग ओठ फुटतात, लाकडी वाद्ये तडकतात. म्हणून बॉयलरची वाफ भोके पाडलेल्या नळीतून डक्टमधल्या वाहत्या हवेत सोडतात. नळी बसवायची कुठे, हीच खरी मेख. तिच्यापुढे डक्ट बरेच अंतर सरळ हवा. लगेच वळण किंवा फिल्टर आला, तर वाफ हवेत मिसळण्याआधीच तिचे पाणी होऊन पत्रा ओला होतो आणि आत बुरशी धरते. पंखा थांबताच वाफही बंद करणारा स्विच लेखकाने वर्णनातून गाळला आहे. तो नसेल तर बाकीची सगळी काळजी फुकट. कडाक्याच्या थंडीत आर्द्रता साधारण ३० टक्क्यांच्या वर नेत नाहीत, कारण खिडक्यांच्या काचांना आतून पाणी सुटते.