कॅनोपीचं गणित

जनरेटरवर बसवतात त्या पत्र्याच्या खोक्याला बाजारात कॅनोपी म्हणतात. ती किती आवाज अडवेल, याचं गणित मुळात भिंतींच्या अभ्यासातून आलं. जर्मनीत रिचर्ड बर्गर यांनी १९११ मध्ये भिंतीचं वजन आणि तिने अडवलेला आवाज यांची सांगड घातली. वजन दुप्पट केलं की सुमारे ६ डेसिबल जास्त अडतात, हा हिशेब पुढे रुळला. ठरावीक कंप्रतेला पत्रा लहरींच्या तालावर वाकतो आणि वजन वाया जातं, हे लोथर क्रेमर यांनी १९४२ मध्ये दाखवलं. पण खोका म्हणजे चार भिंती नव्हेत. आत कोंडलेला आवाज पत्र्यांवर आपटून वाढत जातो, म्हणून तर आतून ग्लासवूल किंवा रॉकवूल लावतात. आर. एस. जॅक्सन यांनी १९६२ मध्ये यंत्राला चिकटून बसणाऱ्या आवरणांचं गणित मांडलं. मधली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि खालच्या एखाद्या कंप्रतेला आवरणामुळे आवाज चक्क वाढू शकतो.

मग पत्राच जाड घ्यावा, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही, कारण खरा चोर फट आहे. दहा चौरस मीटर पत्र्याच्या कॅनोपीला केबलसाठी दहा सेंटिमीटर लांब-रुंद भोक उघडं ठेवलं, तर ते क्षेत्रफळाचा हजारावा भाग भरतं. तेवढ्यानेच पत्र्याची कामगिरी ३० डेसिबलवर अडकते, मग पत्रा ५० डेसिबल अडवणारा का असेना. इंजिनाला हवा तर लागतेच. म्हणून हवेच्या वाटेवर सायलेन्सर आणि दाराला नीट बसणारं रबर, इथेच खर्च करायला हवा.

आता संगणक हे सगळं आधीच सांगतो, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. कुठला पत्रा, किती वूल, हे तो चांगलं सांगतो. वर्षभर उघडझाप झालेल्या दाराचं रबर कुठे दबलंय, हे त्याला कोण सांगणार? भारतात २००२ च्या नियमांनी म्हणूनच अंदाजावर भिस्त ठेवली नाही. १००० केव्हीएपर्यंतच्या नव्या डिझेल जनरेटरला कॅनोपी कारखान्यातच बसवायची आणि तिच्यापासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत हवा, अशी अट आली. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था तो मोजून प्रमाणपत्र देतात. पण प्रमाणपत्र नव्या कॅनोपीचं असतं. आपल्या सोसायटीचा जनरेटर जुना झाला असेल, तर दारं बंद करून, पूर्ण लोडवर, आवाज पुन्हा मोजून घ्या.