सुट्या पानाची ओळख

ग्रंथाचें पान जोंवर बांधणींत आहे तोंवर त्यास आपलें नांव सांगावें लागत नाहीं. तें सुटलें म्हणजे मात्र तें कोणत्या ग्रंथाचें व कितवें, हें त्यानें स्वतःच सांगितलें पाहिजे. पानाच्या माथ्यावर व पायथ्याशीं जी बारीक ओळ असते, आणि जिला संगणकाच्या व्यवहारांत हेडर व फूटर म्हणतात, तिचें मुख्य प्रयोजन हेंच होय.

आपल्याकडील पोथ्यांचीं पानें शिवलेलीं नसत. तीं सुटींच बासनांत बांधावयाचीं. म्हणून पोथी उतरणारा लेखनिक पानाच्या मागील बाजूस, डाव्या समासांत वर ग्रंथनामाचीं आद्याक्षरें व पत्राचा आंकडा लिही, आणि उजव्या समासांत खालीं पुन्हां तोच आंकडा घाली. पुष्कळदां त्या आंकड्याशेजारीं ‘राम’ हीं दोन अक्षरें असत. पोथी विसकटली तरी एवढ्यावरून तिचा क्रम लावतां येई.

युरोपांत ग्रंथ शिवलेले असत. तरीहि माथ्यावर ग्रंथनाम लिहिण्याची चाल तेथील प्राचीन लॅटिन हस्तलिखितांत आढळते. मुद्रणकला आल्यावर १४७० सालीं कोलोन शहरीं आर्नोल्ड तेर होएर्नेन यानें एका छोट्या प्रवचनपुस्तिकेच्या पानांवर छापील आंकडे घातले. पुढें १४९९ सालीं व्हेनिसच्या आल्डस मानुशियसनें पेरोत्ती या पंडिताचा ‘कॉर्नुकोपिए’ हा ग्रंथ छापतांना प्रत्येक पृष्ठास आंकडा दिला. लेखनिक असो वा मुद्रक, ग्रंथ जो घडवी तोच ही ओळ ठरवी.

संगणकाच्या युगांत या अधिकाराची वाट चुकली. एखादी प्रणाली कशी चालवावी हें सांगणाऱ्या पुस्तिका कागदावरून पडद्यावर आल्या. १९९० सालीं विंडोज ३.० बरोबर ‘विनहेल्प’ आलें, आणि १९९७ सालीं मायक्रोसॉफ्टनें ‘एचटीएमएल हेल्प’ काढलें. या दुसऱ्या प्रकारांत पानें दाखविण्याचें व छापण्याचें काम इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरच्या यंत्रणेकडे होतें. परिणामीं हेडर व फूटर काय असावें, हें पुस्तिकेचा कर्ता ठरवूं शकेना. तें वाचकाच्या संगणकावरील ‘पेज सेटअप’ ठरवी. तेथें सांकेतिक अक्षरें लिहून पृष्ठाचें नांव, क्रमांक, तारीख किंवा फाइलचा पत्ता मागवितां येई. कोणी कांहीं बदललें नाहीं, तर पायथ्याशीं त्या संगणकांतील फाइलचा लांबलचक पत्ता उमटे, आणि ज्यास पान दिलें त्याला त्यांतून कांहींच बोध होत नसे. तो पत्ता काढावा, तर त्याच संगणकावरून छापल्या जाणाऱ्या इतर वेबपानांच्या ओळीहि त्यासरशीं बदलत.

ही अडचण केवळ शोभेची नव्हती. प्रणालीच्या आवृत्त्या बदलतात व त्यांबरोबर सूचनाहि बदलतात. पानावर आवृत्तीचा उल्लेख नसला, तर जुनी सूचना नवी समजून कोणी महत्त्वाची माहिती पुसून टाकण्याचा संभव असतो. म्हणून सावध कर्ते छापावयाच्या मजकुरांतच ग्रंथनाम व आवृत्ति घालीत, किंवा छपाईसाठीं निराळी पीडीएफ प्रत देत. तिच्यांतील ओळी मात्र कर्त्यानें बसविल्या तशाच राहत.

वेबपानांची मांडणी ठरविणाऱ्या ‘सीएसएस’ या नियमावलींत यावर उपाय योजला गेला. पानाभोंवतींच्या समासाच्या सोळा चौकटी कल्पून, कोणत्या चौकटींत काय छापावें हें कर्त्यानेंच लिहून ठेवावें, अशी ती योजना. पीडीएफ तयार करणाऱ्या कांहीं प्रणालींनीं ती लवकर स्वीकारली. क्रोम ब्राउझरमध्यें ती २०२४ सालीं आली. समासांत काय असावें हें ठरविण्याचा जो अधिकार पोथीच्या लेखनिकास सहज होता, तो वेबपानाच्या कर्त्यास अशा रीतीनें पुन्हां मिळूं लागला आहे.