भारतीय बाल यकृत् सूत्रण रोग व शिशूंचे दूध
सहा महिने ते पाच वर्षे या वयातील भारतीय बालकांत आढळणारा यकृताचा एक घातक विकार. यात यकृतातील कोशिकांचा नाश होऊन त्यांच्या जागी तंतुमय ऊतक वाढते आणि यकृत कठीण होते. पोट फुगणे, भूक मंदावणे, बारीक ताप व चिडचिडेपणा ही त्याची प्रारंभीची लक्षणे होत. पुढे कावीळ व जलोदर होऊन पूर्वी बहुतेक रुग्ण काही महिन्यांत दगावत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यातील वैद्यकांनी या रोगाची वर्णने प्रसिद्ध केली. परंतु त्यानंतर सु. नव्वद वर्षे त्याचे कारण अज्ञातच राहिले. एकाच घरातील भावंडे एकामागून एक बळी पडत असल्याने तो आनुवंशिक असावा, असेही मानले जाई.

तान्ह्या मुलाला वरचे दूध न मानवण्याची कारणे अनेक आहेत. गायीच्या दुधातील प्रथिनांची अधिहर्षता (ॲलर्जी) असल्यास उलट्या, जुलाब, शौचातून रक्त जाणे किंवा अंगावर पुरळ उठणे ही लक्षणे दिसतात. ते दूध बंद केल्यावर ती ओसरतात आणि वाढत्या वयाबरोबर बहुतेक मुलांतील हा दोष नाहीसा होतो. म्हशीच्या व शेळीच्या दुधातील प्रथिने गायीच्या दुधातील प्रथिनांसारखीच असल्याने केवळ दूध बदलून सहसा उपयोग होत नाही. यकृत् सूत्रण रोगात मात्र दोष दुधाच्या प्रथिनांत नसून ते ज्या भांड्यात तापविले जाई त्या भांड्यात होता.

१९७८-७९ मध्ये या रोगाने ग्रस्त बालकांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण नेहमीच्या कितीतरी पट असल्याचे दिसून आले. हे तांबे कोठून येते, याचा शोध पुण्यात लागला. पुणे शहरात, तसेच तळेगाव दाभाडे व चाकण यांसारख्या परिसरातील गावांत, उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच तांब्यापितळेची भांडी सर्रास वापरली जात. शहरातील तांबट आळी तर या व्यवसायासाठी प्रसिद्धच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित आणि ब्रिटिश बालरोगतज्ञ स्ट्युअर्ट टॅनर यांनी रुग्ण बालकांच्या व निरोगी बालकांच्या आहाराची तुलना केली. रुग्ण बालकांना प्राण्याचे दूध लवकर सुरू झाले होते आणि ते पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापविले व साठविले जात होते, असे त्यांना आढळले. हे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८७ मधील अभ्यासाने त्यांना पुष्टी मिळाली.

कल्हई झिजली की दुधाचा पितळेशी प्रत्यक्ष संबंध येतो. आंबट पदार्थ अशा भांड्यात कळकतात, हे गृहिणींना ठाऊक असते; परंतु दूध आंबट नसूनही त्यातील केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते. नवजात बालकाच्या यकृतात मुळातच तांब्याचा साठा असतो व पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची क्षमता पुरती विकसित झालेली नसते. त्यामुळे आहारातून आलेले जादा तांबे यकृतात साचते. आईच्या दुधात तांबे अल्प असते. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातही १९०० ते १९७४ या काळात अशाच विकाराने १३८ बालके मरण पावल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथेही गायीचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापविले जात असे.

तांबे शरीराबाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध रोगाच्या प्रारंभी दिल्यास अनेक बालके वाचतात, असे पुण्यातील चाचण्यांत दिसून आले. अशा भांड्यांत दूध पिणारी सर्वच मुले आजारी पडत नसत. त्यामुळे काही बालकांत आनुवंशिक प्रवणता असावी, असे तज्ञ मानतात. तसेच तांब्याचा संबंध न आढळलेले काही रुग्णही नोंदलेले आहेत. पोलाद व ॲल्युमिनियमची भांडी रूढ झाल्यानंतर आणि स्तनपानाच्या प्रसारामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग दुर्मिळ झाला. शिशुदुग्ध पर्याय व दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातींवर भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आली. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, ही आज सर्वमान्य असलेली शिफारस या रोगापासूनही बालकाचे रक्षण करते.