चव्वेचाळीस-सव्वीस-चाळीसचा पाढा

दक्षिण इराकमधल्या निप्पूर या प्राचीन शहरात १९५१-५२च्या उत्खननात मातीच्या विटांचं एक छोटं घर सापडलं. सुमारे ३,७५० वर्षांपूर्वी तिथे मुलं लेखनिकाची विद्या शिकत. पाट्या ओल्या मातीच्या. डावीकडे गुरुजींनी बोरूने कित्ता उमटवायचा, उजवीकडे मुलाने तो गिरवायचा, पुसायचा, पुन्हा गिरवायचा. पुसून पुसून उजवी बाजू डावीपेक्षा पातळ झालेल्या अशा पाट्या त्या काळातल्या बऱ्याच मिळाल्या आहेत. गणिताच्या कित्त्यात असत पाढे.

या पाढ्यांचा क्रम आपल्या उलट, मोठ्याकडून लहानाकडे. आधी ५० चा, मग ४५ चा आणि तिसराच पाढा ४४-२६-४० चा! प्रत्येक पाढा एकपासून वीसपर्यंत, पुढे तीस, चाळीस आणि पन्नास. कोवळ्या पोरांना इतक्या आडमुठ्या संख्येच्या ढांगा टाकायला का लावत असतील?

उत्तर साठात आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो, ते साठाच्या पटीत मोजत. पूर्णांक कुठे संपला आणि अपूर्णांक कुठे सुरू झाला हे दाखवणारी खूण त्यांच्याकडे नव्हती. ४५ म्हणजे पंचेचाळीसही आणि साठातले पंचेचाळीस, म्हणजे पाऊणही. भागाकाराची वेगळी रीतही ते वापरत नसत. नऊने भागायचं तर नवाच्या जोडीदाराने, ६-४० ने (सहा आणि साठातले चाळीस), गुणायचं. कारण नऊ गुणिले ६-४० म्हणजे बरोबर साठ. बारा मापं धान्य नऊ जणांत वाटायचं असेल, तर ६-४० च्या पाढ्यातली बारावी ओळ म्हणायची. ती आहे १-२०, म्हणजे प्रत्येकी एक माप आणि तिसरा हिस्सा.

अशा जोड्यांचं कोष्टक मुलं पाढ्यांच्या आधीच पाठ करत. त्यातली शेवटची जोडी एक्क्याऐंशीची आणि तिचा जोडीदार ४४-२६-४०. हा पाढा म्हणजे एक्क्याऐंशीने भागण्याचा पाढा.

त्यात गंमतही भरपूर आहे. पहिली ओळ ४४-२६-४०. दुसरी पसरते, १-२८-५३-२०. तिसरी आवरते, २-१३-२०. सहावी ४-२६-४०, शेपूट पहिल्या ओळीचंच. आणि नववी ओळ नुसती ६-४०, म्हणजे नवाचा जोडीदार पुन्हा हजर. अठरावी त्याची दुप्पट, १३-२०. ओळी फुगतात, आक्रसतात, आणि तिनाच्या पटीला येऊन सुटसुटीत होतात. पाठ करणाऱ्याला चुकलं कुठे हे कळायला एवढा आधार मोठा असतो.

या यादीतले दुसरे पाढे पाहिले की मराठी माणसाला ओळख पटते. १५, ३० आणि ४५ म्हणजे साठातले पाव, अर्धा आणि पाऊण: आपली पावकी, निमकी, पाऊणकी. १-१५ म्हणजे सवायकी, १-३० म्हणजे दिडकी, २-३० म्हणजे अडीचकी. ही विद्या तिथून इथे आली, असं मी म्हणत नाही. गरज सारखी होती, म्हणून पाढेही सारखे निघाले. आपल्याकडे सोळा आण्यांचा रुपया आणि पावशेर-अर्धशेराची मापं होती; बाजारात उभं राहायचं तर पावकी-दिडकी जिभेवर हवीच.

आपला एक पाढा मात्र निप्पूरच्या यादीत नाही: औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीन म्हणजे सात भागिले दोन, आणि साताने साठाला, साठाच्या कुठल्याही घाताला, पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे साडेतीनला जोडीदार नाही. खुद्द साताचा पाढा तेवढा यादीत आहे, जोडीदार नसलेला एकटाच.

१ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, पुढे किलो-मीटर आले आणि औटकी-अडीचकी शाळेतून गेल्या. जाणं समजण्यासारखं होतं. पण मोठ्या संख्येचा पाढा हा भागाकाराचा पाढा असतो ही समज त्यांच्याबरोबर जायला नको होती. तीसपर्यंतचे पाढे म्हणून घेतो तेव्हा पोरांना ते नुसतं ओझं वाटतं, कारण त्यांचा उपयोग कुणी सांगत नाही.

दहाच्या पटीतला आपला ४४-२६-४० म्हणजे सव्वाशे. १२५, २५०, ३७५, ५००, ६२५, ७५०, ८७५, १०००: आठव्या ढांगेला हजार. म्हणून आठाने भागायचं तर सव्वाशेने गुणून तीन घरं मागे यायचं. छत्तीसला आठाने भागा: छत्तीस सव्वाशे साडेचार हजार, उत्तर साडेचार. चौथीतल्या मुलाला हे एकदा करून दाखवावं, आणि मग सव्वाशेचा पाढा त्याचा त्यालाच लिहू द्यावा.