केसरकर, दीपक वसंत
महाराष्ट्रातील राजकारणी, सावंतवाडीचे माजी नगराध्यक्ष आणि माजी शालेय शिक्षणमंत्री. सावंतवाडी हे जुने संस्थानी शहर १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते. लोकसभेसाठी दोन्ही जिल्ह्यांची सांगड आजही कायम आहे आणि केसरकरांच्या कारकिर्दीला मोठे वळण मिळाले तेही याच मतदारसंघात.

मोती तलाव, राजवाडा, चितारआळीतली लाकडी खेळणी ही सावंतवाडीची ओळख. शहर लहान, माणसे एकमेकांना ओळखणारी. अशा गावात नगराध्यक्षाचे काम रोज लोकांच्या डोळ्यांसमोर असते. सौम्य बोलणारा, गावाचे रूप जपू पाहणारा कारभारी हा केसरकरांचा लौकिक नगरपरिषदेत तयार झाला. २००९ मध्ये ते राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे सावंतवाडी मतदारसंघातून आमदार झाले. दोडामार्ग आणि वेंगुर्ले हे तालुकेही याच मतदारसंघात येतात.

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे उमेदवार होते नारायण राणे यांचे पुत्र नीलेश राणे. जिल्ह्यात राणे यांचा दबदबा तेव्हा निर्विवाद होता. केसरकरांनी पक्षाचा आदेश बाजूला ठेवून नीलेश यांच्या प्रचाराला उघड नकार दिला आणि जिल्ह्यातल्या राजकीय दहशतीविरुद्ध आवाज उठवला. शिवसेनेचे विनायक राऊत निवडून आले. त्यानंतर केसरकर शिवसेनेत गेले आणि त्याच वर्षी पुन्हा आमदार झाले. आमदारकी पणाला लावून घेतलेली ही भूमिका त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत धाडसाची म्हणावी लागेल.

डिसेंबर २०१४ मध्ये ते गृह (ग्रामीण), वित्त व नियोजन खात्यांचे राज्यमंत्री आणि सिंधुदुर्गचे पालकमंत्री झाले. अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार चंद्रपूरचे आणि केसरकर सिंधुदुर्गचे. राज्याच्या या दोन टोकांच्या जिल्ह्यांसाठी 'चांदा ते बांदा' योजना आखली गेली. पुढच्या सरकारने ती बंद केली. नंतर रत्नागिरी-सिंधुदुर्गसाठी 'सिंधुरत्न समृद्ध' योजना आली. आंबा, काजू, मासेमारी आणि पर्यटन यांवर जगणाऱ्या प्रदेशाला त्याच्या गरजेप्रमाणे वेगळा निधी हवा, हा या योजनांमागचा विचार रास्त होता. सरकार बदलले की असे काम मोडते, हे कोकणाचे खरे नुकसान आहे.

२०१९ मध्ये ते तिसऱ्यांदा निवडून आले, पण उद्धव ठाकरे मंत्रिमंडळात त्यांना स्थान मिळाले नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा ते एकनाथ शिंदे यांच्या गटासोबत गेले. त्या गटाचे प्रवक्ते म्हणून त्यांचा शांत चेहरा राज्यभर पोहोचला. ऑगस्टमध्ये शालेय शिक्षण व मराठी भाषा ही खाती त्यांच्याकडे आली. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने घालण्याचा त्यांच्या काळातला निर्णय गाजला आणि पुढे मागेही घेतला गेला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा हे खाते त्यांच्याकडेच होते.

दरम्यान कोकणातली जुनी समीकरणे पार उलटली होती. २०२४ मध्ये महायुतीतर्फे नारायण राणे लोकसभेला उभे राहिले, तेव्हा केसरकर त्यांच्या बाजूने होते. त्या वर्षीच्या विधानसभेत नीलेश राणे शिंदे यांच्या शिवसेनेतर्फे कुडाळमधून विजयी झाले. म्हणजे ज्यांच्या विरोधात केसरकरांनी दहा वर्षांपूर्वी पक्ष सोडला, ते आता त्यांच्याच पक्षाचे आमदार. २०१४ ची भूमिका पटून मत दिलेल्या मतदाराला या बदलाचे कारण विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

केसरकर सावंतवाडीतून चौथ्यांदा निवडून आले. डिसेंबर २०२४ मध्ये मात्र त्यांना मंत्रिपद मिळाले नाही. शालेय शिक्षण खाते दादा भुसे यांच्याकडे आणि मराठी भाषा खाते रत्नागिरीचे आमदार उदय सामंत यांच्याकडे गेले.