घरच्या ध्वनिमुद्रणासाठी संगणक निवडताना

‘तुमचा आवाज चांगला आहे, निवेदन का करीत नाही?’ हे वाक्य अनेकांनी कधी ना कधी ऐकलेले असते. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर आकाशवाणीच्या स्वरचाचणीपाशी किंवा तासावर भाडे आकारणाऱ्या स्टुडिओच्या दारापाशी येऊन थांबत असे. आता तसे राहिलेले नाही. स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७ मध्ये भारतात आली आणि मराठी श्राव्य पुस्तकांना नवा श्रोता मिळाला. त्यानंतर २०२० च्या टाळेबंदीत स्टुडिओ बंद पडले, तेव्हा अनेक निवेदकांनी घरातल्या कपाटाशेजारी माइक उभा केला आणि काम सुरू ठेवले. श्राव्य पुस्तके, शैक्षणिक चित्रफिती, जाहिराती, दूरध्वनीवरील सूचना अशी कितीतरी कामे आज घरून होतात.

या वाटेवर पाऊल टाकणाऱ्यापुढचा पहिला मोठा खर्च म्हणजे संगणक. दुकानात जाऊन ‘रेकॉर्डिंगसाठी हवा आहे’ असे सांगितले, की विक्रेता बहुधा सर्वांत वेगवान, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेले, खेळांसाठी बनविलेले यंत्र पुढे करतो. ग्राहकालाही वाटते की काम व्यावसायिक आहे, तेव्हा यंत्र दणकट हवे. मग साठविलेले पैसे खर्च होतात, पहिले ध्वनिमुद्रण मोठ्या उत्साहाने पाठविले जाते आणि उत्तर येते, ‘आवाज उत्तम आहे, पण मागे घरघर ऐकू येते. पुन्हा करून पाठवाल का?’ ही घरघर त्याच महागड्या यंत्राच्या पंख्याची असते. निवेदनासाठी संगणक निवडताना वेगाआधी शांतता पाहावी, हे म्हणूनच प्रथम ध्यानात घ्यायला हवे.

आवाजाला किती ताकद लागते?

थोडे गणित करून पाहू. निवेदनाचे ध्वनिमुद्रण एकाच माइकवर, म्हणजे मोनो पद्धतीने होते. व्यावसायिक कामात सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, हे प्रमाण सर्रास वापरले जाते. म्हणजे दर सेकंदाला १,४४,००० बाइट, मिनिटाला साधारण साडेआठ मेगाबाइट आणि तासाला सुमारे ५२० मेगाबाइट इतकी माहिती साठवावी लागते. माइककडून संगणकाकडे जाणारा हा प्रवाह सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबिटांचा असतो. जुन्या यूएसबी २.० जोडणीची कमाल क्षमताच ४८० मेगाबिटांची आहे. थोडक्यात, दहा वर्षांपूर्वीचा साधा संगणकही हे काम आरामात पेलतो.

संगीत संयोजनाची गोष्ट वेगळी. तेथे पन्नासेक ध्वनिपट्ट्या आणि संगणकावरच वाजणारी वाद्ये एकाच वेळी चालवावी लागतात. चित्रफितींच्या संपादनालाही ताकद लागते. परंतु एका माणसाचा एक आवाज मुद्रित करणे आणि त्यातील चुका काढणे एवढेच काम असेल, तर अतिवेगवान प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांवरील खर्च वाया जातो. इतकेच नव्हे, तर तो नडतो. कारण जितकी ताकद अधिक, तितकी उष्णता अधिक आणि तितका पंखा जोरात.

शांततेचे मोजमाप

श्राव्य पुस्तकांच्या क्षेत्रात एसीएक्स या अमेरिकी मंचाचे निकष अनेक जण मोजपट्टी म्हणून वापरतात. त्यानुसार वाचनाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान असावी, सर्वोच्च टोक उणे ३ डेसिबलच्या वर जाऊ नये आणि निवेदक गप्प असताना मागे उरणारा आवाज उणे ६० डेसिबल किंवा त्याहून कमी असावा. उणे ६० डेसिबल म्हणजे संगणकात मावणाऱ्या कमाल ध्वनिपातळीचा हजारावा भाग. लॅपटॉपचा पंखा एकदा जोरात फिरू लागला, की हा निकष सांभाळणे अवघड होऊन बसते.

येथे एक गोष्ट नवोदितांच्या लक्षात येत नाही. कच्च्या ध्वनिमुद्रणात मागचा आवाज उणे ६२ डेसिबल आहे, म्हणजे आपण उत्तीर्ण झालो, असे त्यांना वाटते. परंतु वाचन सहसा हलक्या पातळीवर मुद्रित होते आणि नंतर ते वर उचलावे लागते. वाचन ८ डेसिबलने उचलले की घरघरही ८ डेसिबलने उचलली जाते आणि उणे ५४ वर पोहोचते. म्हणून मूळ ध्वनिमुद्रणात उणे ७० च्या आसपासची शांतता मिळाली, तर पुढचे काम सुखाचे होते.

‘गोंगाट काढणारे सॉफ्टवेअर आहे की!’ असे कुणी म्हणेल. तशी साधने आहेत आणि ती उत्तरोत्तर सुधारतही आहेत. मात्र त्यांचा मारा अधिक झाला, की आवाज पाण्याखालून आल्यासारखा पोकळ वाटू लागतो. मराठीतील स, श, ष ही घर्षक व्यंजने आणि ख, घ, ध, भ यांमधील श्वासाचा अंश हे ध्वनी स्वभावतःच गोंगाटासारखे असतात. घरघर पुसताना त्यांच्या कडाही झिजतात. स्वच्छ उच्चार हीच ज्याची मिळकत, त्याने ती पुसून घ्यावी काय?

पंख्याविना संगणक

सर्वांत सोपा उपाय म्हणजे ज्यात पंखाच नाही असा संगणक. अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच्या एम१ चिपवर आधारलेला मॅकबुक एअर आणला, त्यात पंखा नव्हता. त्यानंतरचे या मालिकेतील लॅपटॉपही पंख्याविनाच आले. २०२० पूर्वीच्या इंटेल चिपवरील मॅकबुक एअरमध्ये मात्र पंखा असतो, हे जुने यंत्र घेताना विसरू नये. विंडोजवर चालणारे, कमी वीज घेणाऱ्या प्रोसेसरचे काही लॅपटॉप व छोटे संगणकही पंख्याविना मिळतात. खरेदीपूर्वी तांत्रिक तपशिलात तसा स्पष्ट उल्लेख आहे ना, ते पाहावे. ‘अत्यंत शांत’ या जाहिरातीच्या शब्दावर विसंबू नये.

पंखा नाही म्हणजे आवाज नाहीच, असेही नव्हे. काही यंत्रांमधील विद्युत घटक बारीक शिटीसारखा आवाज काढतात. तो माहितीपत्रकात सापडत नाही आणि गजबजलेल्या दुकानात ऐकूही येत नाही. म्हणून यंत्र परत करता येते का आणि किती दिवसांत, हे आधी विचारून घ्यावे. घरी आणल्यावर रात्री छताचा पंखा बंद करून एक मिनिट निव्वळ शांतता मुद्रित करावी. मग अर्धा तास नेहमीचे काम करून पुन्हा एक मिनिट मुद्रित करावे. दोन्ही मुद्रणे हेडफोन लावून ऐकली, की यंत्राचा खरा स्वभाव कळतो.

आपल्याकडे ही चाचणी एप्रिल-मे महिन्यांत अधिक महत्त्वाची ठरते. ध्वनिमुद्रण करताना खिडक्या लावलेल्या असतात, छताचा पंखा आणि एसी बंद असतात. अशा कोंदट खोलीत लॅपटॉप लवकर तापतो आणि वातानुकूलित दुकानात मुका वाटलेला पंखा दहाव्या मिनिटाला बोलू लागतो.

लॅपटॉप की डेस्कटॉप?

डेस्कटॉपचा मोठा फायदा म्हणजे त्याची पेटी खोलीबाहेर ठेवता येते. पडदा, कीबोर्ड आणि माउस आत, पेटी दाराबाहेर. ज्यांच्या घरी दुसरी खोली आहे, त्यांना साध्या, पंखेवाल्या डेस्कटॉपवरही उत्तम काम करता येते. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची असते. त्याउलट माइकची एक्सएलआर केबल कितीतरी लांब नेली तरी चालते. म्हणून अंतर जास्त असल्यास ऑडिओ इंटरफेस संगणकाजवळ ठेवून माइकची केबल लांब घ्यावी.

एका खोलीत संसार आणि स्टुडिओ दोन्ही थाटायचे असतील, तर लॅपटॉप बरा. तो माइकच्या मागच्या बाजूस ठेवावा. कार्डिऑइड प्रकारचा माइक पाठीमागचे आवाज सर्वांत कमी उचलतो. लॅपटॉप आणि माइक एकाच टेबलावर ठेवू नयेत, कारण लाकडातून कंप माइकपर्यंत पोहोचतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. लहान खोलीत भिंतींवरील परावर्तनामुळे एवढा लाभ होत नाही, तरीही हातभर अंतर वाढविणे हा फुकटचा उपाय आहे.

वीज आणि अर्थिंग

आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. त्यामुळे सदोष जोडणीतून ५०, १००, १५० हर्ट्झची गुणगुण ध्वनिमुद्रणात शिरते. जुन्या इमारतींमध्ये तीन पिनांचा सॉकेट दिसतो खरा. पण त्यातील अर्थिंगची तार कोठेच जोडलेली नसते. नवे यंत्र सदोष आहे असे समजून ते परत करण्यापूर्वी चार्जर काढून बॅटरीवर ध्वनिमुद्रण करून पाहावे. गुणगुण थांबली, तर दोष बहुधा विजेच्या बाजूचा असतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. गुणगुण घालविण्यासाठी अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतू शकतो.

वीज जाण्याची सवय असलेल्या गावांत लॅपटॉपची बॅटरी हा मोठा आधार आहे. डेस्कटॉप असल्यास यूपीएस हवाच. मात्र काही यूपीएस स्वतःच गुणगुणतात आणि वीज गेली की ओरडतात. त्यामुळे तोही पेटीबरोबर खोलीबाहेर ठेवावा.

आत काय असावे?

रॅम किमान ८ जीबी असावी. मात्र अनेक नव्या लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढविता येत नाही, म्हणून परवडत असल्यास १६ जीबी घ्यावी. साठवणुकीसाठी एसएसडीच घ्यावी. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असल्याने तिचाही आवाज होतो. दहा तासांच्या पुस्तकासाठी वीस तास मुद्रण झाले असे धरले, तरी साडेदहा जीबीच्या आसपास जागा लागते. तेव्हा ५१२ जीबीची एसएसडी पुष्कळ झाली. त्याऐवजी बाह्य डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी प्रती ठेवण्याची शिस्त लावावी. दहा तासांचे वाचन एका बिघाडात गेले, तर तो सूर जसाच्या तसा पुन्हा लागत नाही.

विंडोज की मॅक?

दोहोंवर सारखेच चांगले काम होते. मॅकवर ध्वनीची व्यवस्था मुळातच सुटसुटीत असते. विंडोजवर इंटरफेसच्या निर्मात्याने दिलेला एसिओ ड्रायव्हर वापरावा. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेली ही पद्धत ध्वनीची वाट आखूड करते. विंडोजचे काही नवे लॅपटॉप इंटेल-एएमडीऐवजी स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवर चालतात. असा लॅपटॉप घेताना आपल्या इंटरफेसचा ड्रायव्हर त्यावर चालतो का, याची खात्री करून घ्यावी.

वापरलेले यंत्र स्वस्तात मिळते, पण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यामुळे विंडोज ११ चालेल असेच यंत्र निवडावे. इंटेल चिपवरील मॅकही टाळावेत; त्यांच्यासाठी मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती असल्याचे अ‍ॅपलने जाहीर केले आहे.

सॉफ्टवेअरचा खर्च शून्यावर आणता येतो. २००० पासून उपलब्ध असलेले ऑडासिटी मोफत आहे. मॅकवर गॅरेजबँड मोफत मिळते. चूक झालेल्या वाक्याच्या थोडे मागे जाऊन तेथूनच पुढे वाचत जाण्याची सोय हवी असेल, तर माफक किमतीचे रीपर अनेक निवेदकांच्या पसंतीचे आहे. अशा कामात संगणक हाताशी असावा लागतो, म्हणून माउसची टिकटिक आणि कीबोर्डची खडखड यांचाही विचार करावा.

आधी घरातला संगणक पाहा

नवी खरेदी करण्यापूर्वी घरात आहे त्याच यंत्रावर प्रयोग करावा. पंख्यातील धूळ साफ केली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली, तर जुना लॅपटॉप बराच शांत होतो. अनेक विंडोज लॅपटॉपमध्ये वीजवापराच्या सेटिंगमधून प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली, की तो अतिवेगाने धावणे थांबवितो आणि पंखा मंदावतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी इंटरनेट, ब्राउझर आणि स्वयंचलित अद्ययावतीकरण बंद ठेवावे.

खरेदीला निघताना पुढील गोष्टी टिपून ठेवाव्यात:

- पंखा नाही, किंवा पेटी खोलीबाहेर ठेवण्याची सोय आहे.
- रॅम ८ ते १६ जीबी आणि ५१२ जीबी एसएसडी.
- इंटरफेस, हेडफोन व बाह्य डिस्क यांना पुरेशा जोडण्या.
- कार्यप्रणालीला पुढील काही वर्षे आधार मिळणार आहे.
- यंत्र परत करण्याची मुदत ठाऊक आहे.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड या यादीत नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. त्यावर वाचलेले पैसे बऱ्या माइकवर, इंटरफेसवर आणि खोलीवर खर्च करावेत. खोलीसाठी महागडा फोम लागतोच असे नाही. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, जाड रजया आणि आजीच्या हातची गोधडी यांनीही खोलीतील घुमारा बराच कमी होतो. पहिली काही कामे अशा साध्या मांडणीवर करून पाहावीत. त्यांतून मिळकत सुरू झाली, की पुढची खरेदी त्या पैशांतून करता येईल.