मुरण्याआधीचे मार्क

गेल्या वर्षी ऑनसाइटला कॅलिफोर्नियात होतो तेव्हाची गोष्ट. शनिवारी सकाळी मावसभाऊ म्हणाला, "चल, आज तुला डोंगरावर नेतो." मला वाटलं ट्रेक असेल, म्हणून बूट घातले. पण कूपर्टिनोच्या मागच्या वळणावळणाच्या रस्त्याने वर गेलो तर समोर द्राक्षांचे मळे! जागेचं नाव रिज व्हिनियर्ड्स, मळ्याचं नाव माँते बेलो. उंची दोन हजार फुटांहून जास्त आणि खाली अख्खी सिलिकॉन व्हॅली पसरलेली. (आई हे वाचत असेल तर: फक्त चाखली गं, प्यायलो नाही. :-))

मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे खिशात वही होतीच. दोन-तीन वाईन्स झाल्यावर त्यांची सगळ्यात मोठी वाईन ग्लासात आली. तिचं नाव मळ्याचंच, माँते बेलो, आणि वय जेमतेम तीन-चार वर्षं. मी घोट घेतला. कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आकसली. वहीत लिहिलं, "रंग ८, वास ७, चव ५. फार तुरट." वाईन ओतणाऱ्या गृहस्थांनी वहीत डोकावून पाहिलं आणि हसून म्हणाले, हीच वाईन वीस वर्षांनी परत चाखून बघ.

तेव्हा मला हे सेल्समनचं वाक्य वाटलं. वीस वर्षांनी तक्रार करायला कोण येणार? पण घरी येऊन वाचायला बसलो आणि चांगलाच अडकलो. कारण नेमक्या याच प्रश्नावरून वाईनच्या जगात १९७६ साली एक मोठा तमाशा झाला होता आणि त्याचा निकाल लागायला तीस वर्षं गेली.

आधी थोडी थिअरी. फ्रान्समधल्या बोर्डोची रेड वाईन सहसा एका जातीच्या द्राक्षाची नसते, ती ब्लेंड असते. काबर्ने सोव्हिन्यॉन, मर्लो आणि काबर्ने फ्राँ या मुख्य जाती, जोडीला थोडं पती व्हेर्दो वगैरे. मर्लो लवकर पिकतं, काबर्ने सोव्हिन्यॉन उशिरा. एकाला पावसाने झोडपलं तर दुसरं वाचतं. म्हणजे हा एक प्रकारचा बॅकअपच. शिवाय मर्लोने मऊपणा येतो आणि काबर्नेने कणा येतो. हा कणा म्हणजे टॅनिन. टॅनिन द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून येतं, आणि जास्त उकळलेल्या चहासारखं जिभेला तुरट लागतं. वर्षं जातात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जातात, काही गाळ होऊन तळाला बसतात आणि वाईन मऊ होते. जांभळा रंग कडेने विटकरी होत जातो. ताज्या फळाचा वास मागे पडून चामडं, तंबाखू, देवदार, ओली माती असले वास पुढे येतात.

आपल्याकडे याला सुंदर शब्द आहे: मुरणं. कैरीचं लोणचं घातल्या दिवशी चाखलं तर मीठ वेगळं, मोहरी वेगळी, कैरी वेगळी लागते. पण माझी आजी त्याच दिवशी बोटावर घेऊन सांगायची, "हे वर्षभर टिकेल" किंवा "हे आषाढातच संपवा." आज कसं लागतंय याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. मीठ पुरेसं आहे का, कैरी घट्ट आहे का, तेल वर येईल का, एवढंच ती बघायची. मुरवायच्या वाईनची पारखही अशीच करतात. आंबटपणा टिकवण्याइतका आहे का? टॅनिन भरपूर पण बारीक आहे, की नुसतंच खरखरीत? त्या टॅनिनच्या मागे फळाचा ऐवज आहे का? अल्कोहोल घशाला जाळतंय का? आणि घोट गिळल्यावर चव किती सेकंद रेंगाळते? यातली एकच गोष्ट वरचढ असेल तर ती पुढेही वरचढच राहणार. सगळ्याच तगड्या असतील तर वाईन आज भांडेल, उद्या जमवून घेईल.

आता १९७६. पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर नावाचा एक इंग्रज वाईनचं दुकान चालवायचा, जोडीला वाईनची शाळाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं होत होती, त्या निमित्ताने त्याने आणि त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलाघर यांनी २४ मे १९७६ रोजी एका हॉटेलात चाखणी ठेवली. रेडमध्ये कॅलिफोर्नियाच्या सहा आणि बोर्डोच्या चार वाईन्स. लेबलं झाकलेली. परीक्षक नऊ, सगळे फ्रेंच आणि सगळे दिग्गज: मोठ्या रेस्टॉरंटांचे मालक, नामवंत मळ्यांचे मालक, वाईनच्या मासिकाच्या संपादक. प्रत्येकाने २० पैकी मार्क द्यायचे. बोर्डोकडून उतरलेल्या मूताँ रॉथशिल्ड आणि ओ-ब्रियाँ या तर पहिल्या दर्जाच्या. हा दर्जा १८५५ च्या यादीतला. तेव्हा पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी ती यादी बनवली, आणि एका दुपारी चाखून नव्हे तर बाजारात वर्षानुवर्षं मिळालेल्या भावावरून बनवली. (मूताँ त्या यादीत दुसऱ्या दर्जात होती, तिला बढती मिळाली १९७३ साली. ११८ वर्षांनी प्रमोशन! आपण उगाच कुरकुर करतो.)

निकाल असा लागला की पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप वाईन सेलर्स, १९७३ ची. एकूण गुण १२७.५. दुसरी मूताँ १९७०, गुण १२६. व्हाइट वाईनमध्येही कॅलिफोर्नियाचीच शातो माँतेलेना पहिली. हजर असलेला पत्रकार एकच, टाइम साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. त्याची छोटीशी बातमी आली आणि बोंबाबोंब झाली. परीक्षकांपैकी संपादिका ओदेत कान यांनी तर आपली गुणपत्रिका परत मागितली होती. स्टॅग्ज लीपची ती द्राक्षं आली होती १९७० साली लावलेल्या वेलींवरून. म्हणजे तीन वर्षांच्या पोरसवदा वेली!

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. दीड गुणाचा फरक भागिले नऊ परीक्षक, म्हणजे माणशी सतरा शतांश गुण. तेही वीसपैकी. आता कच्चा डेटा बघा. स्टॅग्ज लीपला एकाने १० दिले, दुसऱ्याने १६.५. दहा देणाऱ्याने मूताँला १५ दिले होते. कानबाईंचं बरोबर उलट: स्टॅग्ज लीपला १५ आणि मूताँला १२. नऊपैकी पाच जणांनी स्टॅग्ज लीपला वर ठेवलं, दोघांनी मूताँला, दोघांनी बरोबरीत. एवढ्या डेटावर "ही जिंकली" म्हणणारा रिपोर्ट आमच्या टेस्टिंग टीमने परत पाठवला असता. त्यात व्हाइटचा निकाल रेड चाखायच्या आधीच जाहीर झाला होता. म्हणजे कॅलिफोर्नियाने एक डाव मारलाय हे परीक्षकांना ठाऊक होतं. लेबलं झाकलेली होती, डोकी नव्हती.

फ्रेंचांचा खरा आक्षेप मात्र वेगळा होता आणि तो तर्काला धरून होता. त्यांचं म्हणणं, बोर्डो ही मुरायची वाईन आहे, सहा वर्षांच्या बोर्डोला मार्क देणं म्हणजे घातल्या दिवशी लोणचं चाखणं. कॅलिफोर्नियाची वाईन लहानपणीच गोड बोलते, पण दहा-वीस वर्षांनी बघा, ती झोपलेली असेल आणि आमची उभी राहील.

आक्षेपाचं उत्तर देण्याचा एकच मार्ग होता: थांबणं. १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच वाईन्स परत चाखल्या. पहिली आली क्लो द्यू व्हाल, नाव फ्रेंच पण मळा नापाचा. दहा वर्षांपूर्वी ती आठवी होती! मग २४ मे २००६ रोजी, बरोबर तीस वर्षांनी, लंडन आणि नापा अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी चाखणी झाली. स्परिअरसकट पुष्कळांची अपेक्षा होती की आता बोर्डो बाजी मारणार. झालं उलटंच. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाला. मूताँ सहावी. आणि पहिला नंबर स्टॅग्ज लीपचा नाही, ती दुसरी. पहिली आली १९७१ ची रिज माँते बेलो. १९७६ मध्ये तिचा नंबर होता पाचवा.

हो, तोच डोंगर. जिथे मी चवीला ५ दिले होते तो. :-(

या माँते बेलोची कथा आपल्या जातभाईंची आहे. १९५९ साली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या काही इंजिनिअर मित्रांनी हा मळा घेतला आणि शनिवार-रविवारी कुटुंबकबिल्यासह वर जाऊन वाईन करायला लागले. त्यांच्यापैकी चार्ल्स रोझेन याने पुढे त्याच संस्थेत कृत्रिम बुद्धिमत्तेचा विभाग उभा केला, ज्यातून शेकी हा गाजलेला रोबो आला. १९६९ साली पॉल ड्रेपर तिथे वाईनमेकर म्हणून आला. तो तत्त्वज्ञानाचा पदवीधर, वाईनची पदवी नाही. मळ्याचे तुकडे वेगवेगळे आंबवायचे, हिवाळा सरता सरता प्रत्येक तुकड्याची वाईन लेबल न बघता चाखायची आणि कोणती मुख्य ब्लेंडमध्ये जाईल, कोणती नाही ते ठरवायचं, ही तिथली पद्धत. म्हणजे दरवर्षी काही लोक काही महिन्यांच्या तुरट वाईनमध्ये वीस वर्षांनंतरची वाईन शोधत असतात.

मग १९७६ चे परीक्षक चुकले का? मला तसं वाटत नाही. त्यांना त्या दुपारचे मार्क विचारले होते, त्यांनी त्या दुपारचे दिले. चूक झाली ती त्या मार्कांना कायमचा निकाल समजणाऱ्यांची. तशीच चूक "आमच्याच मुरतील" असं गृहीत धरणाऱ्यांची, कारण तो अंदाज चाखून नव्हे तर लेबल बघून केलेला होता. आणि २००६ चा निकालही अंतिम नाही. पस्तीस वर्षांत बाटली कुठे ठेवली होती, बूच कसं होतं, यावर बरंच ठरतं. शिवाय फ्रीमार्क ॲबी दोन्ही वेळा दहावीच आली. थांबलं की सगळंच सुधारतं असं नाही. मुरायला आधी आत काहीतरी असावं लागतं.

हे सगळं वाचत होतो त्याच आठवड्यात आमच्याकडे अप्रेझल चालू होती. माझ्या हाताखालच्या फ्रेशरला रेटिंग द्यायचं होतं. पोरगं हुशार, पण रिव्ह्यूमध्ये भांडतं, प्रत्येक गोष्टीला का विचारतं. फॉर्मवर शेवटून दुसरा आकडा भरून मोकळा झालो होतो, शेरा काय लिहिलाय ते सांगत नाही. सबमिट करायच्या आधी परत उघडला. आकडा एकाने वाढवला, त्याहून जास्त नाही, कारण या वर्षीचं काम तेवढंच होतं. शेरा मात्र सगळा खोडून नवा लिहिला.

परत जाऊन माँते बेलोची एक बाटली घेतली. खिशाला परवडणारी नव्हती, पण घेतली. पुण्याच्या एप्रिलमध्ये ती वर्षभरात शिजली असती, म्हणून मावसभावाकडेच ठेवलीय. त्याच्याकडे वाईनचा छोटा फ्रिज आहे, बारा-तेरा अंशांवर. वहीतला ५ मी खोडलेला नाही. त्याच्यापुढे फक्त त्या दिवशीची तारीख घातली आणि शेजारी एक रकाना रिकामा सोडलाय.